होडीला घरक्रमांक नसतो : बांगलादेशातील बेदे समाजाचे बदलते जीवन

मूळ लेख : बंशीकाठ

नदीवर राहणाऱ्या भटक्या लोकांविषयी लिहायला बसले की सूर्यास्त, होडी आणि बासरी असे चित्र आपोआप तयार होते. मला ते टाळायचे आहे, कारण ज्या बेदे लोकांशी माझा थोडाफार परिचय झाला ते मला होडीत नव्हे, तर बसथांब्यावर भेटले.

मी मूळचा इचलकरंजीचा, कापडाच्या रंगखात्यात काम करणारा माणूस. २०११ ते २०१६ या काळात मी ढाक्याच्या वायव्येला आशुलिया येथील एका कारखान्यात नोकरी केली आणि राहायला साभारला होतो. साभारच्या अंगाने बंशी नदी वाहते. सकाळी कारखान्याच्या गाडीची वाट पाहत उभा असताना रोज पाच-सहा बायका शेजारी येऊन थांबत. अंगावर भडक रंगाच्या साड्या, काखेत कापडाचे गाठोडे आणि हातात लाकडाची लहानशी पेटी. पेटीत काय आहे ते बसच्या वाहकाला ठाऊक असे, म्हणून त्यांना कायम मागच्या दाराशी उभे केले जाई. पेटीत साप असे. ढाक्यात उतरल्यावर त्या दुकानांसमोर आणि गर्दीच्या रस्त्यांवर ती पेटी किंचित उघडून लोकांकडे पैसे मागत. माझ्या सहकाऱ्यांच्या लेखी ती भीक होती. त्या बायका मात्र तिला ‘गाओयाल’ म्हणत.

हा शब्द समजून घेतला की बेद्यांचे निम्मे जीवन समजते. बेदे, बाइद्या, बैद्य अशी या समाजाची नावे असून त्यांचा उगम ‘वैद्य’ या शब्दात असल्याचे मानले जाते. होड्यांच्या समूहाला ‘बहर’ म्हणतात आणि प्रत्येक बहराला एक सरदार असतो. कोणत्या नदीने जायचे, कोणत्या घाटावर किती दिवस थांबायचे, भांडण झाले तर दंड किती, हे तो ठरवतो. बहर घाटाला लागला की बायका टोपल्या घेऊन आसपासच्या गावांत शिरत आणि बांगड्या, मणी, जडीबुटी विकत. शिंग लावून दूषित रक्त ओढणे, ज्याला आपण तुंबडी लावणे म्हणतो, आणि दातातले किडे काढणे हीही त्यांचीच कामे. ‘शिंगा लागाई, दाँतेर पोका फालाई’ ही त्यांची आरोळी बंगाली माणसाच्या कानात आजही बसलेली आहे. या गावोगावच्या फेरीला गाओयाल म्हणतात. पुरुष त्या वेळी होडीवर राहून मुले सांभाळत, मासे धरत, होडीची डागडुजी करत. घरातली मुख्य कमाई बाईची असे आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

सगळे बेदे साप पकडत नाहीत, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. मालबैद्य, सापुडिया, बाजीकर, सांदार, मीरशिकारी, गाइन असे त्यांचे अनेक गट असून प्रत्येकाचा धंदा वेगळा आहे. सांदार बांगड्या आणि किरकोळ वस्तू विकतात, तर गाइन सुगंधी मसाले विकत. धर्माने बहुतेक मुसलमान, परंतु सर्पदेवता मनसा हिचा मान ते राखून आहेत. १६३८ मध्ये आराकानच्या (आजच्या म्यानमारमधील प्रदेशाच्या) एका परागंदा राजाबरोबर आपले पूर्वज ढाक्याला आले, आधी विक्रमपुरात राहिले आणि तेथून सर्वत्र पसरले, अशी परंपरा सांगितली जाते. आपसांत ते ‘ठार’ नावाची बोली बोलतात आणि ती परक्यांना कळू देत नाहीत.

साभारमध्ये पोडाबाडी, अमरपूर, कांचनपूर अशा वस्त्यांतून हा समाज आज पक्क्या वा अर्धपक्क्या घरांत राहतो. मुन्शिगंज जिल्ह्यात लौहजंगकडे पद्मेच्या, म्हणजे बांगलादेशात शिरलेल्या गंगेच्या, काठी काही कुटुंबे होड्यांत आहेत, तर बरीचशी कोरड्या ऋतूत रस्त्याच्या कडेला किंवा कापणी झालेल्या शेतात बांबू आणि प्लॅस्टिकच्या कागदाची पाले ठोकतात. म्हणजे होडी, पाल आणि घर या तिन्ही अवस्था आज एकाच वेळी नांदत आहेत आणि कित्येकदा एकाच कुटुंबात.

हा बदल का झाला, या प्रश्नाला बहुतेक लेखांत ‘नद्या आटल्या’ एवढे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे असे मला पाच वर्षांत वाटू लागले. नदी आटण्याच्या आधी गिऱ्हाईक आटले होते. काचेच्या बांगडीची जागा बाजारपेठेतल्या प्लॅस्टिकच्या बांगडीने घेतली आणि ती गावातल्याच दुकानात मिळू लागली. दातासाठी उपजिल्ह्याच्या गावी डॉक्टर बसू लागला. तळ्यात पडलेला दागिना बुडी मारून शोधून देणे हाही त्यांचा एक जुना व्यवसाय होता. एका वृद्धेने मला सांगितले की, तिच्या आईने त्या एका कामावर दोन होड्या केल्या आणि तिच्या स्वतःच्या मुलीला ते काम कधी मिळालेच नाही.

एक कबुलीही येथेच देतो. मी ज्या धंद्यात होतो त्या धंद्याचे सांडपाणी बंशीत जाते. हंगामाच्या मागणीप्रमाणे नदीचा रंग बदलताना मी पाहिला आहे आणि पंचगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला ते दृश्य नवीन नव्हते. त्या पाण्यावर होडी तरंगेल, पण त्यात भांडी घासून, त्यातच आंघोळ करून कुणी राहू शकणार नाही.

जाणकारांनी भर घालावी, चुकले असेल तेथे दुरुस्त करावे.

---

सुमेधा_वाई

लेख आवडला. बेद्यांच्या लग्नाविषयी एक प्रथा वाचल्याचे आठवते : नवरदेव झाडाच्या शेंड्यावर चढून बसतो आणि खाली उभी असलेली वधू त्याला आयुष्यभर पोसण्याचे वचन देते, तेव्हाच तो खाली उतरतो. हे खरे आहे की पर्यटकांसाठी रचलेली गोष्ट?

---

बंशीकाठ

सुमेधाताई, ही प्रथा बांगलादेशातील अभ्यासकांनी नोंदवलेली आहे. मी स्वतः ती पाहिलेली नाही. मी गेलो त्या दोन्ही लग्नांत नवरदेव प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला होता आणि काजी रजिस्टर घेऊन आला होता. मात्र वचनातला मजकूर पाहण्यासारखा आहे. वधू सांगते की, मी तुझ्या आईबापांना सांभाळीन, मुले झाली तर त्यांनाही पोशीन आणि तुझ्याकडे पोटासाठी काही मागणार नाही. ती गंमत म्हणून वाचली जाते. मला ती त्या समाजाच्या अर्थव्यवस्थेचा करारनामा वाटते.

---

पाटबंधारे_निवृत्त

नद्या आटल्या हे उत्तर अपुरे आहे, हे मान्य. तथापि ते किती भारी आहे याची कल्पना यावी म्हणून थोडे तपशील देतो, कारण माझी सारी नोकरी पाण्यातच गेली आहे.

बांगलादेशातील नद्या, खाड्या आणि कालवे मिळून सुमारे २४,००० किलोमीटर लांबीचे जाळे मानले जाते. त्यातील नौकानयनास योग्य अशी लांबी पावसाळ्यात सुमारे ६,००० आणि कोरड्या ऋतूत सुमारे ३,८०० किलोमीटर उरते, असे तेथील अंतर्गत जलवाहतूक खात्याचे आकडे गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत. हे मोजमाप मालवाहू बोटींचे आहे आणि बेद्यांच्या होडीला तितके खोल पाणी लागत नाही, असे कुणी म्हणेल. खरी गोम तेथेच आहे. बेद्यांना मोठी नदी नकोच असते. त्यांना हव्या असतात मोठ्या नदीतून गावाच्या परसापर्यंत जाणाऱ्या लहान वाटा, म्हणजे तिकडे ज्यांना ‘खाल’ म्हणतात ते कालवे. १९६० च्या दशकापासून पूर नियंत्रणासाठी तेथे बंधारे घालण्यात आले. किनारपट्टीवर शेतीसाठी बांधबंदिस्त केलेली १३९ क्षेत्रे आहेत. बांध घातला की खालाच्या तोंडाशी झडपेचे दार येते. दारातून पाणी जाते, होडी जात नाही. त्यानंतर रस्ते झाले आणि रस्त्याखाली नळ टाकले गेले, त्या नळातूनही होडी जात नाही. गाळ साचतो तो वेगळाच. नकाशावर नदी तशीच निळी दिसते, परंतु गाओयालला निघालेल्या बाईच्या दृष्टीने ती तुटलेली असते.

गंगेवर भारताने बांधलेल्या फराक्का बंधाऱ्याचा उल्लेख या धाग्यात येणारच, म्हणून आधीच लिहितो. १९७५ मध्ये तो बंधारा सुरू झाला, १९९६ मध्ये दोन्ही देशांत तीस वर्षांचा पाणीवाटप करार झाला आणि जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांतील वाटप त्यात ठरले. पद्मेच्या खालच्या अंगाच्या नद्यांवर त्याचा परिणाम झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळे खापर एका बंधाऱ्यावर फोडले की गावागावांत घातलेली हजारो लहान दारे दृष्टीआड होतात. मी स्वतः अशी दारे आखली आहेत, बांगलादेशात नव्हे, कोकणातील खाजण जमिनींवर. आखताना नकाशावर शेत दिसते, गाव दिसते. पाण्यावरून येणारे-जाणारे कुणी असेल, असा रकाना आमच्या तक्त्यात कधीच नव्हता.

---

खडू_फळा

वरील प्रतिसाद उत्तम आहे. तरीही एक शंका मांडतो. आपण सर्व जण येथे काहीतरी हरवले असे गृहीत धरून बोलत आहोत. बारा बाय पाच फुटांच्या होडीत बाळंतपण, कुठल्या शाळेच्या पटावर नाव नाही, मेले तर गावच्या दफनभूमीत जागा नाही, हे आयुष्य त्यांनी सोडले असेल तर आनंदच मानायला हवा. आपण शहरात सदनिका घ्यायची आणि इतरांनी मात्र संस्कृती जपायची, हा दुटप्पीपणा वाटतो. तरंगत्या शाळा काढल्या तेव्हाही जगाने टाळ्याच वाजवल्या होत्या ना?

---

बंशीकाठ

आपला मुद्दा रास्त आहे आणि मला भेटलेल्या बेद्यांपैकी तरुण माणसांनी नेमके हेच सांगितले असते. ‘पुन्हा होडीत राहायला आवडेल का’ असे मी एकाला विचारले, तेव्हा तो माझ्याकडे असा पाहू लागला की मी पुन्हा तो प्रश्न कुणाला विचारला नाही.

एक दुरुस्ती मात्र करतो. तरंगत्या शाळांची जी छायाचित्रे आपण पाहतो त्यांतील बहुसंख्य चलनबिल या पाणथळ भागातील आहेत. सिधुलाई स्वनिर्भर संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली आणि २००२ पासून तिने नाटोर, पाबना, सिराजगंज या भागांत होडीतील शाळा चालवल्या. त्या शाळा शेतकरी कुटुंबांतल्या मुलांसाठी आहेत, ज्यांचे गाव पावसाळ्यात पाण्याने वेढले जाते. तेथे मुले जागेवर असतात आणि शाळा त्यांच्याकडे येते. बेद्यांची अडचण नेमकी उलटी होती : शाळा जागेवर होती आणि मुले दर दहा-पंधरा दिवसांनी दुसऱ्या घाटावर. त्या छायाचित्रांखाली ‘नदीवरचे भटके’ असे लिहिलेले मी मराठी वृत्तपत्रांतही वाचले आहे, म्हणून हा खुलासा.

सरकारी पातळीवर २०१२-१३ पासून तेथील समाजसेवा खात्याची बेदे आणि मागास समूहांसाठी एक योजना आहे. तिच्यात विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, पन्नाशीपुढच्यांना भत्ता आणि तरुणांना धंदेशिक्षण दिले जाते. त्याआधी, २००८ च्या निवडणुकीसाठी छायाचित्रासह मतदार यादी तयार झाली तेव्हा अनेक बेद्यांचे नाव पहिल्यांदा यादीत लागले. याचे मोल आपल्याला चटकन कळत नाही. यादीसाठी पत्ता लागतो आणि होडीला घरक्रमांक नसतो. जमिनीवर येण्याचे एक मोठे कारण, माझ्या मते सर्वांत मोठे, हा कागद आहे.

---

वैदेही_पालावर

मी महाराष्ट्रात वैदू समाजाच्या वस्त्यांवर बरीच वर्षे काम करत आहे. हा धागा वाचताना नदी वजा केली तर मी आमच्याच वस्तीविषयी वाचत आहे, असे पुन्हा पुन्हा वाटले, म्हणून सविस्तर लिहिते.

‘बेदे’ आणि ‘वैदू’ या दोन्ही नावांच्या मुळाशी वैद्यच आहे. दोन्ही समाजांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध आहे असे मी म्हणत नाही. वैदू आंध्राकडून आले, त्यांच्या घरात तेलुगू वळणाची बोली बोलली जाते. पण कामे पाहा. वैदू पुरुष जडीबुटी देत, तुंबडी लावत आणि बायका सुया, पोत, दाभण, बिब्बे घेऊन दारोदार फिरत. शहरात आल्यावर हाच समाज पत्र्याचे डबे आणि चाळण्या दुरुस्त करू लागला, आणि प्लॅस्टिकचे डबे आले तेव्हा तेही काम गेले. तिकडे प्लॅस्टिकच्या बांगडीने जे केले ते इकडे प्लॅस्टिकच्या डब्याने केले.

बहर वर्षातून एकदा एकत्र येतात का, याचा उल्लेख लेखात नाही. मी वाचले आहे त्याप्रमाणे कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास निरनिराळे बहर एकत्र जमत, तेथे सरदार निवडले जात, तंटे मिटत आणि लग्ने ठरत. आमच्याकडे नगर जिल्ह्यातील मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत हेच होत असे. गाढवांचा बाजार सर्वांना माहीत असतो, पण त्या बाजाराच्या मागे अनेक भटक्या जमातींच्या जातपंचायती बसत. मी जातपंचायतीची भलामण मुळीच करत नाही. दंड, बहिष्कार, बायकांवरचे अघोरी न्यायनिवाडे हे सगळे मी जवळून पाहिले आहे आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो उगाच नव्हे. तरीही पंचायत मोडली म्हणजे तिची जागा लगेच न्यायालय घेते असे होत नाही. मधल्या काळात ती जागा वस्तीतला गुंड, सावकार किंवा मतांचा ठेकेदार घेतो. साभारच्या वस्त्यांत सरदाराचे आज काय चालते, हे जाणून घ्यायला आवडेल.

कागदाचा मुद्दा तर आमचा रोजचा आहे. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्राने नेमलेल्या दोन्ही आयोगांचे अध्यक्ष मराठी होते, बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते. पहिल्याचा अहवाल २००८ मध्ये आला, दुसऱ्याचा २०१८ मध्ये. दोन्हींत जातीचा दाखला, शिधापत्रिका आणि राहण्याची जागा यांचाच घोळ पुढे येतो. १९६१ पूर्वीचा रहिवासी पुरावा मागणाऱ्या कारकुनाला, ‘त्या वर्षी आम्ही कुठल्या माळावर होतो ते माझ्या आजीला विचारा, आणि आजीला विचारायला स्मशानात जा’ असे आमच्या वस्तीतील एका बाईने उत्तर दिले होते.

आता मूळ लेखकांना माझा खरा प्रश्न. गाओयालवर जाणाऱ्या बाईचे घरातले स्थान जमिनीवर आल्यानंतर टिकले का? आमच्या अनुभवात ते टिकले नाही. पालात असताना वैदू बाई दिवसाला चार गावे फिरून येई आणि पैसा तिच्या कनवटीला असे. पक्की खोली मिळाल्यावर ‘बाईने दारोदार फिरणे शोभत नाही’ ही भाषा आमच्याच पोरांच्या तोंडी आली. ती भाषा त्यांनी शेजाऱ्यांकडून उचलली.

---

रत्नागिरीकर_मासळी

बेद्यांबरोबर दक्षिण बांगलादेशातील ‘मांता’ लोकांचाही विचार करावा. कोणी त्यांना बेद्यांचीच शाखा मानतात, पण भोला, पटुआखाली, बरिशाल या जिल्ह्यांतील मांता प्रामुख्याने मासेमारी करतात आणि त्यांच्यातली कित्येक कुटुंबे मुळात शेतकरी होती. नदीने शेत आणि घर गिळल्यावर ती होडीवर आली. म्हणजे भटके जमिनीवर येत आहेत हे जितके खरे, तितकेच जमिनीवरचे लोक पाण्यावर ढकलले जात आहेत हेही खरे. नदीवरचे जीवन संपत चालले आहे असे सरसकट म्हणता येणार नाही.

त्यांच्या होडीवर रांगत्या मुलाच्या कमरेला दोरी बांधून तिचे दुसरे टोक होडीला बांधतात. त्याशिवाय आईला जाळे ओढताच येणार नाही. कोकणात मचव्यावर वाढलेल्या माझ्यासारख्याला ती दोरी क्रूर वाटत नाही, पण ती मुलगा सात-आठ वर्षांचा होईपर्यंत सुटत नाही असे वाचले तेव्हा मात्र पोटात गलबलले.

हिलसा माशाच्या विणीच्या काळात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, तेथे २२ दिवस मासेमारी बंद असते आणि नोंदणीकृत मच्छीमार कुटुंबाला २५ किलो तांदूळ मिळतो. बंदी योग्यच आहे आणि तिच्यामुळे हिलसाचे उत्पादन वाढले असे तेथील सरकार सांगते. पण नोंदणीसाठी पुन्हा तोच पत्ता लागतो. ज्याच्याकडे पत्ता नाही त्याला बंदी लागू असते, तांदूळ लागू नसतो.

---

डॉ_अनिरुद्ध

सापांविषयी दोन शब्द लिहिणे मला भाग आहे, कारण या विषयाची मोहिनी घातक ठरू शकते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या बांगलादेशातील सरकारी सर्वेक्षणानुसार वर्षाला सुमारे चार लाख लोकांना सर्पदंश होतो आणि सुमारे साडेसात हजार माणसे दगावतात. दंशानंतरचा पहिला काही तासांचा वेळ मांत्रिकाकडे किंवा गारुड्याकडे जातो, हे मृत्यूंचे एक मोठे कारण आहे. शिंग लावून विष बाहेर येत नाही. नाग आणि मण्यार यांच्या दंशात तर रुग्णाला श्वासोच्छ्वासासाठी यंत्र लागू शकते. तेव्हा बेद्यांच्या औषधोपचाराचा धंदा बसला याचे मला वैद्य म्हणून दुःख नाही.

परंतु त्यांचे साप ओळखण्याचे, हाताळण्याचे कौशल्य अस्सल आहे. तामिळनाडूत इरुळा जमातीच्या लोकांनी १९७८ मध्ये सहकारी संस्था काढली आणि आज भारतातील प्रतिविषाच्या निर्मितीसाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणात तेथूनच येते. त्यांना कायद्याने परवाना दिला. बांगलादेशात २०१२ च्या वन्यजीव कायद्याने साप पकडणे आणि विकणे गुन्हा ठरले, भारतात १९७२ पासून ती स्थिती आहे. कायदा हवाच होता. मात्र ज्या हातांना साप कळतो त्यांना इरुळांसारखी वाट मिळाली असती, तर बंशीकाठ यांना भेटलेल्या बायकांच्या पेटीतला साप लोकांना भिवविण्यासाठी वापरावा लागला नसता.

---

खडू_फळा

माझ्या आधीच्या प्रतिसादातला सूर थोडा चढा होता. वैदेहीताईंच्या प्रश्नाचे उत्तर ऐकायला मीही थांबलो आहे.

---

बंशीकाठ

सर्वांचे आभार. डॉक्टरांचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. पोडाबाडीत सापांचा बाजार भरत असे, तो मी गेलो तोवर बराच उतरणीला लागला होता. रत्नागिरीकरांनी मांता लोकांविषयी लिहिले त्यामुळे माझ्या लेखाची बाजू लंगडी होती हेही कळले.

सरदाराविषयी : माझ्या पाहण्यातल्या वस्तीत सरदार होते आणि त्यांना मानही होता. लग्नाचे आमंत्रण प्रथम त्यांच्याकडे जाई. पण घराच्या हद्दीचा वाद झाला तेव्हा लोक सरदाराकडे गेले नाहीत. ते स्थानिक लोकप्रतिनिधीच्या माणसाकडे गेले. कुठे थांबायचे आणि कधी निघायचे हे ठरवणे हा सरदाराच्या अधिकाराचा गाभा होता, आणि आता निघायचेच नसल्यामुळे त्याच्याकडे ठरवण्यासारखे फारसे उरले नव्हते.

वैदेहीताईंचा प्रश्न अवघड आहे. मी परका पुरुष, त्यामुळे मला दिसले ते अर्धवटच असणार. तरीही सांगतो. बायकांचे फिरणे थांबलेले नाही. काही जणी शिवणकाम शिकून कपड्यांच्या कारखान्यात लागल्या. बाकीच्या गाओयालला जातातच, फक्त होडीऐवजी बसने. पहाटे निघून दोन बस बदलून ढाक्याला जायचे, दिवसभर चालायचे आणि रात्री परत यायचे. काही जणी महिना-दीड महिना लांबच्या जिल्ह्यात पालावर राहून येतात. पूर्वी त्या फिरत तेव्हा घर त्यांच्यामागे घाटापर्यंत येत असे, कारण घर म्हणजेच होडी. संध्याकाळी टोपली ठेवली की मूल हाताशी होते. आता घर साभारला राहते आणि बाई कोमिल्ल्यात असते. त्यामुळे कुटुंब स्थिर झाले असे म्हणायचे आणि त्या कुटुंबाला पोसणारी व्यक्ती पूर्वीपेक्षा अधिक भटकी झाली आहे हे सांगायचे राहून जाते.

मानाचे विचाराल, तर मला जवळून माहीत असलेली चार घरे आहेत. त्यांतल्या दोन घरांत आईने गाओयालवर साठवलेल्या पैशांत जागा घेतलेली होती. शेजारच्या बंगाली गावकऱ्यांत बाईने बाजारात फिरणे कमीपणाचे समजले जाते, आणि तेथील मुलींशी आपल्या मुलांची सोयरीक व्हावी अशी इच्छा असणाऱ्या बेदे कुटुंबांना आता आपल्या बायकांचे फिरणे लपवावेसे वाटते. त्यातल्या एका घरातला मुलगा कारखान्यात माझ्याच खात्यात मदतनीस होता. आई काय करते, असे फॉर्म भरताना विचारले तेव्हा त्याने ‘गृहिणी’ असे लिहायला सांगितले. त्याच दिवशी सकाळी ती मला बसथांब्यावर दिसली होती.

पुढे एकदा त्यांच्याकडे ईदच्या जेवणाला गेलो असताना जमिनीचा दस्त भिंतीवर चौकटीत लावलेला दिसला. मला बंगाली वाचता येत होते. मालक म्हणून त्यावर वडिलांचे नाव होते. होडी कुणाच्या नावावर होती, असे मी त्या बाईला विचारले. ती हसली आणि म्हणाली, होडी कुणाच्या नावावर नसते, जो डांबर लावतो त्याची असते. मग डांबराचे पैसे कोण देई, असे मी विचारल्यावर तिने स्वतःकडे बोट दाखवले आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

---

वैदेही_पालावर

आभारी आहे. आमच्या वस्तीत घरकुल योजनेची यादी लागणार आहे, त्यात घर दोघांच्या नावे करून घेण्यासाठी आम्ही गेले तीन महिने अर्ज फिरवत आहोत. उद्या पुन्हा तहसील कार्यालयात जायचे आहे. तुमचा हा शेवटचा प्रतिसाद छापून बायकांना वाचून दाखवला, तर चालेल का?

---

बंशीकाठ

अवश्य. फक्त त्या मुलाने गृहिणी लिहायला सांगितले तो भाग वगळावा. पाच वर्षांत त्याने माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे ते कुणाला सांगू नका.